'कार्यवाही सुरू आहे' : लेखापरीक्षण समितीच्या निर्देशांचा पाठपुरावा कसा ठेवायचा

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईलगतच्या एका महापालिकेत सचिव विभागात नव्याने आलेल्या लिपिकाकडे लेखापरीक्षण उपसमितीच्या बैठकांचं काम आलं आहे. आधीच्या माणसाने सोपवलेल्या एक्सेलच्या फाइलमध्ये समितीच्या निर्देशांच्या, एका निर्देशाला एक अशा, ४०० च्या वर ओळी आहेत आणि निम्म्याहून जास्त ओळींपुढे 'कार्यवाही सुरू आहे' असा शेरा आहे. अध्यक्षांनी सांगितलंय, पुढच्या बैठकीत काय झालं ते दाखवा. नोंदवही कशी ठेवायची, ओळ बंद कधी करायची, आणि यासाठी एखादं सॉफ्टवेअर घ्यावं का?

अशी फाइल मलाही मिळाली होती. फक्त ती लाल कापडात बांधलेल्या दोन गठ्ठ्यांची होती. मुंबई आणि आसपासच्या महापालिकांच्या लेखापरीक्षणात तीसेक वर्षं काढली, त्यातली शेवटची दहा जवळजवळ याच कामात गेली: मागच्या बैठकीत ठरलं त्याचं पुढे काय झालं. तेव्हा आधी एक गोष्ट सांगते, जी मला कळायला फार वेळ लागला. तुमची अडचण नोंदवहीच्या आधी, इतिवृत्तात सुरू झालेली आहे. इतिवृत्तात मोघम वाक्य लिहिलं गेलं की ती ओळ बंद करायची सोयच राहत नाही.

फाइलमधली कुठलीही जुनी ओळ उघडा. 'विभागाने याबाबत त्वरित योग्य ती कार्यवाही करावी.' कुठला विभाग? योग्य म्हणजे काय? त्वरित म्हणजे किती तारखेला? याला विभागाने 'कार्यवाही सुरू आहे' असं उत्तर दिलं तर त्यात खोटं काहीच नाही. जसा निर्देश तसं अनुपालन, म्हणजे निर्देशावर काय केलं याचं विभागाचं उत्तर. आता तेच असं लिहून बघा: 'कार्यकारी अभियंता (पर्जन्य जलवाहिन्या) यांनी जादा दिलेली रक्कम ठेकेदाराच्या पुढच्या देयकातून वसूल करावी आणि वसुली दाखवणाऱ्या देयकाची प्रत ३० जूनपर्यंत मुख्य लेखापरीक्षकांना सादर करावी.' ३० जूनला प्रत आली किंवा नाही आली. मधलं उत्तर देता येत नाही.

पदनाम लिहा, माणसाचं नाव नको. आपल्याकडे बदलीचा आदेश निघायला वेळ लागत नाही, आणि नव्या साहेबांचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: 'माझ्या काळातलं नाही.' म्हणून पदभार देता-घेतानाच्या यादीत प्रलंबित निर्देशांची पानं जोडून घ्या आणि दोघांची सही घ्या. हे एकदा अंगवळणी पडलं की निम्मे वाद आपोआप मिटतात.

पण हे वाक्य बैठकीतच तयार व्हायला हवं. चार दिवसांनी तुम्ही टेबलावर बसून तारीख टाकलीत तर विभाग म्हणेल, असं ठरलंच नव्हतं. आणि त्यांचं बरोबर असेल. मी दोन उपाय वापरत असे. एक, विषयपत्रिकेबरोबर जाणाऱ्या टिपणीच्या शेवटीच निर्देशाचा मसुदा द्यायचा: 'समितीने पुढीलप्रमाणे निर्देश द्यावेत.' सदस्य त्यात फेरफार करतात, पण कुणी, काय, कधीपर्यंत हा सांगाडा शिल्लक राहतो. दुसरा, पुढच्या विषयाला हात घालण्याआधी वाक्य मोठ्याने वाचून दाखवायचं. नव्या लिपिकाला अध्यक्षांना थांबवायचा धीर होत नाही, हे मला माहीत आहे. सचिवांना किंवा लेखापरीक्षकांना करायला सांगा. पहिल्या बैठकीत सगळे वैतागतात. तिसऱ्या बैठकीपासून सदस्य स्वतःच विचारतात, 'लिहून घेतलंत का? वाचा बघू.'

आता एक फसलेली गोष्ट सांगते, माझीच. महापालिकेचं नाव घेत नाही. नालेसफाईच्या देयकांना जोडलेल्या वजनकाट्याच्या पावत्या आम्ही वाहन क्रमांकानुसार लावल्या, तर एकच डंपर दहा-बारा मिनिटांच्या अंतराने दोन वेगळ्या काट्यांवर गाळ भरून उभा. दोन काट्यांमधलं अंतर आपल्या रहदारीत तासाभराचं. समितीत सगळे तावातावाने बोलले आणि इतिवृत्तात एक ओळ आली: वसुली करावी, जबाबदारी निश्चित करावी व पुनरावृत्ती होणार नाही याची दक्षता घ्यावी. मी ती एकाच क्रमांकाखाली चढवली. चार महिन्यांनी वसुलीचं चलन आलं, रक्कम जुळली, मी ओळ बंद केली. जबाबदारी कुणाचीच ठरली नव्हती. पावत्या तपासायची पद्धत होती तशीच होती. पुढच्या पावसाळ्याच्या देयकांत तोच प्रकार, डंपर फक्त दुसरा. विभागाने केलं ते केलंच, पण ती ओळ माझ्या सहीने बंद झालेली होती.

तेव्हापासून एका आक्षेपाच्या, म्हणजे लेखापरीक्षणात काढलेल्या एका चुकीच्या, तीन ओळी. समजा आक्षेप क्रमांक २१४: तर २१४-अ वसुली, २१४-ब जबाबदारी, २१४-क पद्धतीत बदल. तिघांचे धनी वेगळे. वसुली कार्यकारी अभियंत्याची, चौकशी सामान्य प्रशासनाच्या उपायुक्तांची, पद्धत मुख्य अभियंत्यांची. मुदती वेगळ्या आणि पुरावेही वेगळे. सोपी ओळ आधी बंद होते, होऊ द्या; अवघड ओळ तिच्या आड लपत नाही एवढंच हवं. आणि आक्षेप अनेक कामांचा असेल तर कामागणिक ओळ करा. मुंबई महापालिकेच्या कारभाराचा कॅगने (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) केलेला विशेष लेखापरीक्षण अहवाल मार्च २०२३ मध्ये विधानसभेत मांडला गेला. साधारण १२,०२४ कोटी रुपयांच्या कामांचा, नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातला. वर्तमानपत्रांत तो १२ हजार कोटींचा आकडाच गाजला. मला त्यातली दुसरी नोंद कामाची वाटली: सुमारे ४,७५६ कोटींच्या ६४ कामांमध्ये ठेकेदाराशी करारच झालेला नव्हता. पाठपुरावा करणाऱ्याच्या दृष्टीने ती ६४ ओळींची नोंद आहे. 'करार करून घ्यावेत' अशी एकच ओळ केली तर ४० करार झाल्यावर 'बहुतांश पूर्तता' असं उत्तर येतं, आणि उरलेली २४ कामं कोणती हे शोधायला पुन्हा वर्ष जातं.

मुदतीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे बहुतेक जण चुकतात. सवयीने सगळीकडे 'तीन महिने' लिहिलं जातं. मुदत ठरवताना प्रश्न हा विचारायचा की हीच चूक पुन्हा घडायची पुढची वेळ कोणती? नाल्यांतला बहुतेक गाळ ३१ मेच्या आत निघायला हवा, म्हणजे निविदा त्याच्या कितीतरी आधी, थंडीतच तयार होतात. तेव्हा वजनकाट्याच्या पडताळणीची अट घालायची असेल तर ती निविदेचा मसुदा मंजूर होण्याआधी. मुदत ३१ मार्च ठेवलीत तर विभाग ३० मार्चला सुंदर परिपत्रक काढेल, ओळ बंद होईल, आणि त्या वर्षीचे ठेकेदार जुन्या अटींवर काम करत राहतील. मंडईतल्या गाळ्यांचं परवाना शुल्क सुधारायचं असेल तर नव्या वर्षाची बिलं निघण्याआधी. शाळेच्या गणवेशांचा विषय असेल तर जूनच्या आधी नाही, खरेदीचा आदेश निघण्याआधी.

मुदतवाढ मागितली जाणारच. द्या, पण मूळ मुदतीचा रकाना कुलूपबंद ठेवा. नवी तारीख शेजारच्या रकान्यात आणि कितवी मुदतवाढ हा आकडा त्याच्या पुढे. मला आक्षेपाच्या वयापेक्षा हा आकडा जास्त सांगून जायचा. पाच वर्षं जुनी पण एकदाच मुदतवाढ घेतलेली ओळ बहुधा कुणी पाहिलेलीच नसते. दीड वर्षात चौथी मुदतवाढ घेणारी ओळ कुणीतरी नीट पाहिलेली असते.

शेऱ्याच्या रकान्यात मोकळं लिहू देऊ नका. चारच शब्द ठेवा: सुरू नाही, अनुपालन आलं, पडताळणी झाली, बंद. 'नोंद घेतली', 'संबंधितांना कळवले आहे', 'यापुढे दक्षता घेण्यात येईल' हे सगळं 'सुरू नाही' मध्ये टाका. सुरुवातीला विभागांना राग येतो. 'यापुढे दक्षता घेण्यात येईल' हे वाक्य तर मी इतक्या वेळा वाचलंय की घरी दूध उतू गेलं तरी तेच तोंडात येतं.

अनुपालन आलं म्हणजे काम झालं असं धरू नका. परिपत्रक काढलं, हा पद्धत बदलल्याचा पुरावा नव्हे. परिपत्रकाच्या तारखेनंतरची पाच-दहा देयकं मागवा आणि नवी पद्धत त्यांत दिसते का बघा. त्यानंतरच 'पडताळणी झाली'. ही पडताळणी लेखापरीक्षकाची, बंद करायचा अधिकार समितीचा. विभागाला स्वतःची ओळ बंद करता येता कामा नये आणि तुम्हालाही नाही. हे लेखी ठरवून घ्या, कारण मार्चअखेरीला कुणीतरी तुमच्या टेबलापाशी चहा घेऊन येईल आणि म्हणेल, 'एवढी एक बंद करून टाका ना, साहेबांचं प्रमोशन आहे.' अधिकारच नाही म्हटलं की चहा पिऊन जातात.

कधी प्रशासनाचं प्रामाणिक म्हणणं असतं की हे करणार नाही, खर्च जास्त आणि फायदा कमी. चालेल. मग तसं कारणासहित, पदनामासहित समितीपुढे लिहून द्यायचं, समितीने मान्य करायचं आणि ओळ 'धोका स्वीकारून बंद' अशी नोंदवायची. अनंतकाळ लटकत ठेवण्यापेक्षा ते बरं. पुढे नुकसान झालं तर निर्णय कुणाचा होता हे निदान सापडतं.

आता दोन तारखा, ज्या मी कुठल्याच तयार तक्त्यात पाहिल्या नाहीत आणि ज्यांच्यामुळे सगळ्यात जास्त पैसे बुडतात.

पहिली, संबंधित कर्मचाऱ्याच्या निवृत्तीची तारीख. 'जबाबदारी निश्चित करावी' या ओळी वर्षानुवर्षं चालतात आणि दरम्यान माणूस सत्कार घेऊन घरी जातो. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम २७ जिथे लागू आहे तिथे निवृत्तीनंतर, चार वर्षांहून जुन्या घटनेबद्दल नवी विभागीय चौकशी सुरूच करता येत नाही. तुमच्या महापालिकेचे सेवानियम काय म्हणतात ते आस्थापना विभागाकडून काढून घ्या. मी त्या ओळी निवृत्तीच्या तारखेनुसार लावायचे आणि वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांची यादी थेट आयुक्तांच्या कार्यालयात द्यायचे. त्या एका पानाने दहा स्मरणपत्रांचं काम केलं.

दुसरी, पैसे हातातून निसटायची तारीख. ठेकेदाराची सुरक्षा अनामत दोषदायित्व कालावधी (कामातले दोष ठेकेदाराने स्वतः दुरुस्त करून द्यायचा काळ) संपला की परत जाते. एकदा ती गेली की वसुली म्हणजे पत्रव्यवहार, आणि पुढे दावा. पैशाच्या दाव्याला मुदतीच्या कायद्याने साधारण तीन वर्षांची मर्यादा. म्हणून वसुलीच्या प्रत्येक ओळीपुढे अनामत परतीची तारीख हवी, आणि लेखा विभागाशी असं ठरवून घ्या की अनामत परत करायच्या नस्तीवर (फाइलवर) 'लेखापरीक्षण वसुली प्रलंबित नाही' असा शेरा असल्याशिवाय ती पुढे सरकणार नाही. एवढी एक गोष्ट तुमच्या कारकिर्दीत झाली तरी बाकीचं लिहिलेलं विसरलात तरी चालेल.

'न्यायप्रविष्ट' हा शेरा दिसला की दाव्याचा क्रमांक मागा. क्रमांक मिळाला की ई-कोर्टच्या किंवा उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर पुढची तारीख दिसते. दुसरा प्रश्न: स्थगिती आहे का? दावा दाखल आहे पण स्थगिती नाही, अशा कितीतरी प्रकरणांत वसुली विनाकारण थांबलेली असते. आणि एकदा तर दावा आधीच निकाली निघालेला होता, महापालिकेच्या बाजूने.

बैठकीत ४०० ओळी दाखवू नका. कुणी वाचत नाही. मागच्या इतिवृत्ताला मंजुरी मिळाली की लगेच, पहिलाच विषय म्हणून एक पान ठेवा: एकूण किती, या खेपेला किती बंद, किती नव्या, आणि खाली दहा-बाराच ओळी, तिसरी मुदतवाढ मागणाऱ्या, मोठ्या रकमेच्या, निवृत्ती किंवा अनामत जवळ आलेल्या. हा विषय शेवटी ठेवला की दोन तासांनी सदस्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं, आणि ज्यांना सीएसएमटीहून कर्जत-कसारा गाठायचं असतं ते आधीच उठलेले असतात. दोनदा मुदत चुकली की विभागप्रमुखाने स्वतः यायचं, असा ठरावच करून घ्या. नाहीतर साहेब व्हीसीवर असतात आणि बिचारा कनिष्ठ अभियंता येऊन 'साहेबांना सांगतो' म्हणून जातो.

इंग्लंडमधल्या कौन्सिलांच्या लेखापरीक्षण समित्यांची कागदपत्रं मी निवृत्तीनंतर कुतूहलाने वाचते. अनेक ठिकाणी मागच्या निर्देशांची यादी, त्यांच्या भाषेत ॲक्शन लॉग, विषयपत्रिकेतच छापलेली असते आणि कुणीही ती वाचू शकतं. पद्धत चांगली आहे, घ्यावी. पण नुसत्या यादीने भागत नाही हेही तिथेच दिसतं. लंडनच्या क्रॉयडन कौन्सिलमध्ये राखीव निधी फार कमी असल्याचा इशारा लेखापरीक्षकांनी आधीच्या वर्षांतच दिला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये लेखापरीक्षकांना जनहितार्थ अहवाल, म्हणजे गंभीर बाब जाहीरपणे मांडणारा अहवाल, काढावा लागला आणि नोव्हेंबरात कलम ११४ ची नोटीस निघाली, म्हणजे अत्यावश्यक सेवा सोडून नवा खर्च बंद.

आपल्याकडची वेगळी अडचण म्हणजे समितीची आठवण. स्थायी समितीचे निम्मे सदस्य दर वर्षी निवृत्त होतात. तुमच्याकडे, म्हणजे १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाखाली, १६ जणांची समिती. मुंबई १८८८ च्या स्वतंत्र अधिनियमावर चालते, पण निम्म्यांच्या निवृत्तीची पद्धत तिथेही आहे. दोन वर्षांपूर्वी कुणी काय विचारलं होतं हे समितीत कुणालाच आठवत नाही, तुमच्या वहीलाच आठवतं. त्यात मुंबईच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच होते. आसपासच्या महापालिकांतही वर्षानुवर्षं तेच. त्या काळात अनुपालन ज्याच्याकडून मागायचं आणि ज्याच्यापुढे ठेवायचं ते टेबल एकच होतं. प्रशासक वाईट होते असं मी म्हणत नाही, काहींनी खूप आक्षेप मार्गी लावले. पण त्या काळात 'बंद' झालेल्या ओळींतून वीस-पंचवीस उचलून पुरावा बघा. पुरावा नसेल तर नव्या समितीपुढे पुन्हा उघडा, संकोच नको.

बाकीच्या जुन्या ओळींसाठी माझी रीत: पहिल्या महिन्यात कुणाला पत्र लिहू नका. नुसती चाळणी करा. एकाच आक्षेपाच्या दोन-दोनदा चढलेल्या ओळी निघतील, लेखापरीक्षण अहवालातला मूळ परिच्छेद पूर्वीच वगळलेला, म्हणजे निकाली काढलेला आहे पण इथे ओळ उघडी आहे अशा निघतील. ज्यांची नस्तीच सापडत नाही त्या वेगळ्या काढा. नस्ती हरवणं हा स्वतंत्र विषय आहे आणि तो समितीपुढे स्वतंत्रच जायला हवा. उरलेल्यांपैकी मोघम निर्देशांच्या ओळींचं पुनर्लेखन करून लेखापरीक्षकांच्या सहीने समितीपुढे न्या: जुना निर्देश डावीकडे, नवा उजवीकडे. मग विभागांबरोबर संयुक्त बैठका, एका दिवशी एकच विभाग, आणि त्यांच्या कार्यालयात जाऊन. तिथे कपाट समोर असतं, 'नस्ती मागवतो' म्हणायला जागा राहत नाही.

सॉफ्टवेअरचं विचारलंत. आत्ता घेऊ नका. वर्षभर एक्सेलवर चालवा. फाइल वाचायला सगळ्यांना, लिहायला फक्त तुम्हाला आणि लेखापरीक्षण विभागातल्या एका व्यक्तीला द्या. आणि प्रत्येक बैठकीनंतर त्या दिवसाची प्रत पीडीएफ करून इतिवृत्ताला जोडा, पानापानावर सही घेऊन. मुदतीच्या रकान्यातल्या तारखा रात्रीतून बदललेल्या मी पाहिल्या आहेत. सही केलेली प्रत होती म्हणून दाखवता आल्या.